मंगल, तुझाही परवाना आला

मंगल, परवा सकाळी प्राजूचा पुण्याहून फोन आला. "मोठ्याई, परवाने आलेत," म्हणाली. मी विचारलं, कुणाकुणाचे? "तुझा. आणि आईचा." लक्षद्वीपच्या कचेरीला तू गेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार तरी कोण? त्या धांदलीत आपण दोघींनी कागद पाठवले आहेत हेच सगळे विसरले होते. तुझा दहावा झाला, चौदावा झाला, गोडाचं जेवण झालं, आणि आता कुठं तुला बेटावर पाय ठेवायची मुभा मिळाली. तुझं नेहमीचं असंच. लग्नातला तुझा शालूही सोलापुराहून अक्षता पडल्यावर आला होता.

पोरीनं विचारलं, रद्द करू का? तिला आज कळवायचंय. म्हणून कामं टाकून लिहायला बसले आहे. तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, कशी मनमिळाऊ होतीस, हे मी लिहिणार नाही. ते दहाव्याला बोलून झालं, आणि मनमिळाऊ तू नव्हतीस. मला तुझ्याशी आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचंय. बाकी काही नाही.

जावा-जावा, उभा दावा म्हणतात. आपणही सुरुवातीची वर्षं तो रीतसर पाळला. मी थोरली, परंड्याची, तोंडानं फटकळ. तू धाकटी, अणदूरची, तोंडानं गोड आणि करणीनं हट्टी. चूल एक, मतं दोन. पुढं सासूबाई गेल्या, मुलं शिकायला बाहेर पडली, आणि एवढ्या मोठ्या घरात बोलायला आपल्याला एकमेकींशिवाय कुणी उरलं नाही. बाप्यांचं बोलणं म्हणजे सोयाबीनचा भाव आणि बोअरच्या मोटारीची लाइट. तेव्हा आपलं जमलं. जमलं म्हणजे भांडण रोजचं झालं आणि त्याशिवाय करमेनासं झालं.

फळीचं खूळ गेल्या उन्हाळ्यात शिरलं. आपण ओसरीवर डाळ पाखडत होतो. तू सूप खाली ठेवलंस आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. निळं पाणी, त्यावर एक लांबट फळी, फळीवर उभी एक पांढऱ्या केसांची बाई. दोन्ही हातांनी एक रंगीत शीड धरून ती पाण्यावरून सरळ चालली होती. "अक्का, ह्या बाईला बघा. हिला कुणी इच्यारलं नसंल, स्वैपाक झाला का म्हणून."

मी म्हणाले, तिच्या घरी स्वयंपाकीण असेल.

"मग आपून बी आठ दिस बाप्यांस्नी स्वैपाकी करू की."

मला ती थट्टा वाटली. पण रात्री जेवताना तू ह्यांच्यासमोर आणि भाऊजींसमोर सांगून टाकलंस की अक्का आणि मी लक्षद्वीपला फळीवर उभं राहायला जाणार. मी ताटातला हात थांबवून तुझ्याकडं बघितलं. भाऊजी हसले, ह्यांनी आणखी वरण मागितलं. ते हसले म्हणूनच तू पेटलीस, असं मला आजही वाटतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तू चार दिवस रुसून विसरली असतीस.

तुझं म्हणणं असं की तुला सगळं येतच होतं. अणदूरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून तू पोहायला शिकलेलीस. माहेरच्या खळ्यावर तिवईवर उभं राहून तू ज्वारी उफणलेलीस. डोक्यावर पाटी धरून, वारं कुठून येतं ते गालावर ओळखून, दाणे सोडायचे. वारं फिरलं की अंग फिरवायचं, पण पाय हलवायचा नाही. "पाणी बी ठावं हाय, वारं बी ठावं हाय. दोन्ही एका टायमाला कदी घावली न्हाईत, येवढंच."

ते खरंच होतं. आपल्या भूमच्या माळावर वाऱ्याला तोटा नाही. परक्या कंपन्यांनी येऊन टेकडी-टेकडीवर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या काही उगीच नाहीत. पाण्याचं मात्र विचारू नये. पावसाळा सरला की आपण टँकरकडं डोळे लावून बसणारी माणसं. त्यातल्या एका बाईला समुद्रावर उभं राहायची हौस यावी, याचं मला हसूही यायचं आणि रागही यायचा. हल्ली फक्त हसू येतं, आणि ते मध्येच बंद पडतं.

माझं पाण्याशी कधी जमलं नाही. परंड्याच्या किल्ल्याला खंदक आहे. माझी आई म्हणायची, खंदकाच्या काठाला जाऊ नको, तो माणसाला नावानं हाक मारतो. मी लहानपणी त्या बाजूनं जाताना कान दाबून पळत जायची. हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मग समिंदराला तुमचं नाव ठावं न्हाय, तितं चला."

तुझ्या तालमी मला विसरता येत नाहीत. बोअरच्या केसिंग पाइपाचा तुकडा गच्चीवर आणलास, त्यावर फळी टाकलीस आणि वर उभी राहिलीस. पहिल्या दिवशी तीनदा आपटलीस, शिवाय वाळत घातलेल्या कुरडयांवर. मग बांबूला सोयाबीन झाकायची ताडपत्री बांधून शीड केलंस. दुपारचं वारं सुटलं की तू पदर खोचून शीड ओढायचीस, फळी डुगडुगायची, ताडपत्री फाडफाड वाजायची. खालून शेजारच्या धुरपदाकाकू ओरडायच्या, "मंगल, कुणीकडं निगालीस गं?" तू वरून, "लक्षद्वीपला!" एकदा वाऱ्यानं शीड असं घेतलं की तू कठड्यापर्यंत फरफटत गेलीस. मी धावत येऊन तुला कमरेला धरलं, तुला नाही नाही ते बोलले. तू धापा टाकत हसत होतीस. "ताकद बघितली का अक्का? वढतंय कसं!"

मला ती ओढ त्या दिवशीच आवडली नव्हती.

कागदपत्रांचं मात्र मी मनापासून केलं, हे तुला मान्य करावं लागेल. बेटावर जायला चारित्र्याचा दाखला लागतो म्हणून आपण दोघी बाजाराच्या दिवशी भूमच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसलो. तो हवालदार आधी आपल्याकडं, मग पिशवीतल्या मेथीकडं बघून म्हणाला, "कशासाठी पायजे मावशी, नोकरीला लागताय व्हय?" तू म्हणालीस, समुद्रात फळीवर उभं राहायला. त्यानं पेन खाली ठेवलं. "दोगी जावा संगट? भांडण न्हाय व्हय तुमचं?" तू म्हणालीस, "भांडायलाच चाललोय साहेब, घरी येळ मिळत न्हाय." सगळं ठाणं हसलं. परतताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसतच होतीस. मी कितीतरी वर्षांत तुझं डोकं इतकं जवळून पाहिलं नव्हतं. भांगाच्या दोन्ही बाजूंनी केस पिकले होते आणि तू ते रंगवले नव्हतेस. त्या पांढऱ्या केसांच्या बाईसारखं दिसायचं होतं का तुला? विचारायचं राहिलं.

येळवशीची अमावस्या झाली की निघायचं ठरलं. तोवर पेरण्या होऊन शेतातलं काम हलकं होतं आणि हुरड्याला अवकाश असतो. सोलापुरातून थेट केरळची गाडी, कोचीहून जहाज. प्राजूनं सगळं नीट लावलं. तुझ्या मोबाइलवर बेटावरचं वारं सांगणारं काहीतरी घालून दिलं, ते रोज सकाळी वाजायचं आणि तू चहा गाळता गाळता ओरडायचीस, "आज तितं वारं चांगलं हाय अक्का!" शेतातल्या पिकाची तू एवढी चौकशी कधी केली नाहीस.

आणि मग ते भांडण. तू मला विचारलंस, फळीवर उभं राहायला मला कुठला ड्रेस आणू. मी म्हणाले, मला कशाला? मी काठावर बसेन, तुझ्या चपला सांभाळेन. तुझा चेहरा पडला. "चपला सांबाळायला येवड्या लांब कशाला? तुळजापूरला जावा की." मी म्हणाले, तुझी हौस आहे, माझी नाही, मी सोबत येते हेच पुष्कळ. तू म्हणालीस, "सोबत म्हंजी शेजारी. काठावर न्हवं." मग आपण दोघी बोलेनाशा झालो. तू दिवाबत्ती केलीस, मी भाकरी थापल्या, आणि बोलायचं ते उद्यावर टाकून झोपलो.

सकाळी मोटार चालू करून आलीस ती छातीला हात लावून. बार्शीला जाताना गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एवढंच म्हणालीस, "खिडकी उगडा." मी उघडली. बार्शी यायच्या आधीच तू गेलीस. त्या दिवसाचं मला याहून जास्त लिहिता येत नाही.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. पिंडाशेजारी तुझ्या आवडीचं मांडलं: कांदाभजी, कपभर चहा, प्राजूनं तुझ्यासाठी घेतलेला काळा चष्मासुद्धा. कावळे बाभळीवर बसून राहिले. एक खाली येईना. भाऊजी पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "प्राजूचं लगीन तिच्या मनापर्मानं करीन." काही नाही. तुझा भाऊ म्हणाला, "खंडोबाला तुज्या नावानं तळी भरीन." काही नाही. ऊन चढायला लागलं. बायका कुजबुजायला लागल्या, लई जीव अडकलाय बाईचा.

कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. प्राजूलाही. ती एकसारखी माझ्याकडं बघत होती. पण सोयऱ्या-धायऱ्यांसमोर, नदीकाठी उभं राहून, नातवंडं झालेल्या बाईनं मोठ्यानं म्हणायचं काय, की मी समुद्रात फळीवर उभी राहीन? दहाव्याचा तमाशा झाला असता. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाले: मंगल, मी काठावर बसणार नाही. फळीवर उभी राहीन. आता ये, पोरीला किती रडवशील. त्याच दमात ह्यांचा खणखणीत आवाज आला, "मारुतीच्या पाराला फरशी बसवीन, मंगल!"

डोळे उघडले तर कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. फरशीत जीव अडकला होता म्हणाले. ह्यांची छाती फुगली. पाराचं काम लगेच सुरू झालं, आणि येणारा-जाणारा गवंड्याला सांगतो की ही मंगलची शेवटची इच्छा. तू एकदा पावसात त्या पारावर घसरलीस तेव्हा "ह्येला कुणीतरी फरशी घाला" म्हणाली होतीस, एवढाच तुझा आणि त्या फरशीचा संबंध! मला हसावं की रडावं कळत नाही. पण खरं सांगू? मलाही मोह होतो. तू फरशी ऐकली असशील तर मी मोकळी आहे. माझं बोलणं कुणीच ऐकलं नाही, मीही विसरून जाईन. आणि तू माझं ऐकलं असशील तर मी बांधलेली आहे. कुणाचं ऐकलंस ते सांग ना. एरवी तोंड बंद नसायचं तुझं.

तू बोलतच नाहीस असंही नाही. तुझा मोबाइल कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलाय, भाऊजी तो चार्ज करत राहतात. रोज सकाळी कपाटातून टिंग असा आवाज येतो. तिथं वारं सुटलेलं असतं. भाऊजी अंगणात दात घासत असतात, ते थांबतात. मी चहाचं आधण टाकत असते, मीही थांबते. मग आम्ही दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागतो. तो बंद कर, असं कुणी कुणाला म्हणत नाही.

एका दुपारी मी पापड आणायला गच्चीवर गेले आणि जिन्याच्या तोंडाशीच खिळले. तू उभी होतीस. पाठमोरी, मागं झुकलेली, पोपटी साडीत. माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. वारं पडलं तशी ती साडी दोरीवर रिकामी लोंबली. भाऊजींनी ती धुऊन वाळत घातली असणार. खाली जाऊन मी विचारलं, कपाटातली कोरी-करकरीत साडी कशाला धुतली? ते म्हणाले, "धुतली कुटं वहिनी, नुस्ती वाऱ्याला लावली. तिला वारं आवडायचं." हा माणूस तुझ्या बेतावर हसला होता ना? आता रोज एक साडी वाऱ्याला लावतो. संध्याकाळी घडी घालून ठेवतो. त्याच्या घड्या फार वाकड्या असतात.

तेव्हापासून गच्चीवर जाताना मी आधी खोकते. पवनचक्कीची पाती फिरताना जो घुमारा येतो त्यात मला "अक्का" ऐकू येतं. आधी मी ते कुणाला सांगितलं नाही. एक दिवस धुरपदाकाकूंपाशी बोलून गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "थोरले, पाण्याच्या वाटंला जाऊ नगंस. मन ऱ्हायलेलं मानूस एकलं जात न्हाय. जोडीदार नेतं." मी त्यांना हसण्यावारी नेलं, घरी आले, आणि खंदकाच्या बाजूनं पळताना दाबायची तसे कान दाबून चुलीपुढं बसले. तुझी भीती वाटली मला, मंगल. तुझी! जिच्या बाळंतपणात मी शेक-शेगडी केली, जिच्या उष्ट्या कपानं चहा प्याले, तिची.

काल येळवस होती. आपल्याला यंदा सण नाही. आपल्या शेतात ना कडब्याची कोप उभारली, ना तीत पांडवांची पूजा. शेजारच्या रानातून लोकांचे आवाज येत होते, पोरं आंबील शिंपत पिकातून ओरडत पळत होती. आम्ही तिघं बांधावर बसलो. धुरपदाकाकूंच्या सुनेनं भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीच्या भाकरी, आंबिलाचं मडकं आणून दिलं. भाऊजींनी दोन घास खाल्ले आणि पाणी द्यायला उठून गेले. मग मी ह्यांना म्हणाले, "म्या जाणार हाय."

"कुटं?"

"मंगलनं ठरवल्याली तितं. फळीवर."

ह्यांनी भाकरी खाली ठेवली. "तिचा आवाज येतूय व्हय तुला?"

"येतूय."

"काय म्हणती?"

"या म्हणती."

"कुणीकडं या?"

मी भज्जीतले शेंगदाणे बाजूला काढत बसले. हे म्हणाले, "फरशीला कावळा शिवला न्हवं का? मग मिटलं की." मी म्हणाले, तुमी फरशी म्हणला तवा म्या बी मनात कायतरी म्हणलं हुतं. मला वाटलं चिडतील. एवढा खर्च, एवढं नाव, सगळं पाण्यात. पण म्हणाले, "मला वाटलंच हुतं. फरशीसाटी कुणी अडकतं व्हय?" आणि डोळे पुसले. दहाव्याला हा माणूस रडला नव्हता. "जा," म्हणाले, "पर कमरंयेवड्याच पाण्यात ऱ्हा. आन माघारी ये. ह्या घरातनं आता आनखी कुणी जायचं न्हाय."

हे लिहिता लिहिता मध्येच उठून मी प्राजूला फोन केला, सांगितलं, रद्द करू नकोस. ती तुझ्या जागी येतेय, तिचे कागद ती करून घेईल, चार दिवस पुढं-मागं होतील. परवान्यासाठी भरलेलं तुझं नाव बेटाच्या कचेरीत तसंच राहील म्हणाली. राहू दे. तिला मी कावळ्याचं काही सांगितलं नाही. ती ड्रेसचं माप विचारत होती, ते दिलं.

तुझं देणं लागते म्हणून मी जात नाही, हे एकदा नीट ऐकून ठेव. त्या भांडणात तूच बरोबर होतीस असंही मी म्हणणार नाही. ज्याची हौस त्यानं पाण्यात उतरावं, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. पण तू त्या गच्चीवर शीड ओढत होतीस तेव्हा मी रोज पापड उलटायच्या निमित्तानं वर येत होते. पापड काही रोज उलटावे लागत नाहीत. इतकी वर्षं ह्या घरात मी हवं-नको बघितलं, पण अमुक गोष्ट मला हवी असं वाटायचं बंदच झालं होतं. ते तू पुन्हा सुरू केलंस आणि निघून गेलीस. मी तुझ्यावर त्यासाठी फार रागावलेली आहे आणि त्यासाठीच तुझे पाय धरावेसे वाटतात. थोरलीनं धाकटीचे धरू नयेत, म्हणून लिहिते.

तर बेटावर मी फळीवर उभी राहीन. पडेन, नाकातोंडात खारं पाणी जाईल, प्राजू ओरडेल. तू तिथं असशीलच, तुला काही राहवायचं नाही. ये. वारं दे, नावं ठेव, पोट धरून हस माझ्या अवताराला. पण मंगल, मी पाण्यात पडले तर तेवढा हात पुढं करू नकोस. तुझा हात दिसला तर मी धरीन, आणि धरला तर मला सोडवणार नाही. मला माघारी यायचंय.